आपल्या गावचा गोवर्धन

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



दिवाळी दारात आली. वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहत आहेत, मुलांचे हात खळ आणि रंगांनी माखले आहेत. चतुर्दशीच्या पहाटेपर्यंतचा तो उत्साह आपण सगळे जाणतोच. पण मागून येणारा पाडवा, आपल्या गोव्यातला गोरवांचा पाडवा, तेवढा कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांच्या गोठ्यात अजून गुरे आहेत ते त्यांना न्हाऊ घालतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, पोळे चारतात. काही घरांत शेणाचा गोवर्धन करून त्यावर फुले खोवतात. ज्यांचा गोठा रिकामा झाला, त्यांची मुले मात्र हे सारे मोबाइलवरच बघतात. म्हणून या वेळी गोवर्धनाविषयी चार शब्द लिहावेत, असे बालसंस्कार वर्ग घेणाऱ्या आम्हा भगिनींच्या मनात आले.

*एका मुलाचा प्रश्न*

गोवर्धन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर करंगळीवर डोंगर तोललेला कृष्ण येतो. पण भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा तिथून सुरू होत नाही. ती सुरू होते एका मुलाने बापाला विचारलेल्या प्रश्नाने. गोकुळात यज्ञाची गडबड चालली आहे, सगळे मोठे लोक कामात आहेत, आणि छोटा कृष्ण नंदबाबांना विचारतो की ही सगळी तयारी कशासाठी? कुणाची पूजा आहे? का करायची?

आता बघा, नंदबाबा काय म्हणाले असते? आपण काय म्हणतो? "मध्ये मध्ये येऊ नकोस, तुला कळायचं नाही." नंदबाबांनी तसे केले नाही. त्यांनी नीट उत्तर दिले की बाळ, पाऊस इंद्र देतो, पावसावर आपले पोट आहे, म्हणून त्याचा यज्ञ. मग कृष्णाने आपले म्हणणे मांडले. आपली ना शहरे, ना मोठी गावे. आपण रानात आणि डोंगरात राहणारी माणसे. आपल्याला पोसतात त्या गायी, आणि गायींना पोसतो तो हा डोंगर. मग पूजा याचीच करूया. आणि नंदबाबांनी, गावातल्या जाणत्या लोकांनी, एका लहान मुलाचे ऐकले.

पुढचे वर्णन तर फारच गोड आहे. कृष्ण सांगतो की डाळीपासून खिरीपर्यंत सगळा स्वयंपाक करा, घरातले सगळे दूधदुभते बरोबर घ्या. सगळ्यांना वाढा, कुत्र्यालासुद्धा विसरू नका. गायींना चारा द्या. स्वतःही पोटभर जेवा, चांगले कपडे घाला आणि मग डोंगराला प्रदक्षिणा करा. गायी पुढे, गाड्यांत बसलेल्या गोपी गाणी म्हणत मागे, लहानथोर सगळे बरोबर. आमच्यातल्या एका मावशी हे ऐकून म्हणाल्या, "अगो, ही तर घरच्या सगळ्यांची सहल झाली!" खरेच आहे. गोवर्धनपूजा म्हणजे सगळ्या कुटुंबाने मिळून डोंगराला भेटायला जाणे. करंगळीचा चमत्कार नंतरचा. आधी ती भेट.

आणि तो चमत्कार घडला तेव्हा कृष्णाचे वय काय होते? भागवतात गोकुळातले लोकच आश्चर्याने म्हणतात की कुठे हा सात वर्षांचा पोर आणि कुठे एवढा मोठा डोंगर! म्हणजे आपल्या घरात दुसरीत शिकणारे मूल असते, तेवढा. लहान मूल अळंबे उचलते तितक्या सहज त्याने डोंगर उचलला, असा दृष्टांत तिथे दिला आहे. आपल्या डिचोली-पेडण्याच्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. पावसात रोयणीवर अळमी उगवली की ती शोधायला डोंगरावर पहिली धाव मुलांचीच असायची.

*डोंगर आपल्या घरी येतो*

आपण म्हणू, तो गोवर्धन तिकडे व्रजात. आपला काय संबंध? संबंध किती जवळचा आहे ते चतुर्थीला वर बघितले की कळते. गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. तिच्यात कांगले, कवंडळ, घागऱ्या, माट्टी, आंबाडे असे किती काय असते. त्यातले पुष्कळसे शेतात पिकवलेले नसते, डोंगरावरून आणलेले असते. मूर्ती मातीची आणि छत्र डोंगराचे. वर्षातून एकदा डोंगर स्वतः आपल्या घरी येतो आणि देवाच्या डोक्यावर छत्री धरतो. गोवर्धनाने आणखी वेगळे काय केले होते?

पाण्याचेही तसेच. आपला डोंगर जांभ्या दगडाचा. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि मग महिनोन्महिने थोडेथोडे खाली सोडतो. पायथ्याची झर, व्हाळ, कुळागराचे पाट, आपली विहीर, सगळे त्याच्याच जिवावर. देवळाची तळी भरते तीसुद्धा वरून आलेल्या पाण्याने. आपण तळीला नमस्कार करतो ते बरोबरच आहे. पण तिच्या मागे उभा असलेला डोंगर बघायला मान वर करत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला जड जाते, पण सत्संगात बोलायची नाही तर कुठे? आपल्या डिचोली तालुक्याला डोंगराने दोन प्रकारे पोसले. एक पाण्याने, दुसरे खनिजाने. किती घरांच्या भिंती, किती मुलांच्या फिया, किती बहिणींची लग्ने त्या तांबड्या मातीच्या पैशावर झाली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या, आता लिलावानंतर पुन्हा चालू होत आहेत. बंद झाल्या तेव्हा ज्या घरांच्या चुली विझल्या, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. आणि ज्या गावांत विहिरी आटल्या, शेतात माती भरली, त्यांचे दुःखही खोटे नाही. पेडण्यातल्या आपल्या भगिनींना मोपाचा सडा आठवत असेल. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडतात. त्यावर कुणाचे पोट चालते, कुणाची चरण गेली. या लेखात आम्ही कुणाचा न्याय करायला बसलेलो नाही. एवढेच विचारतो की ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्याशी आपल्या मुलांची ओळख आहे का?

*सर्वांत लहान पाऊल पुढे*

आमच्या वर्गातली काही कुटुंबे चतुर्थीनंतरच्या एका रविवारी डिचोलीजवळच्या एका लहानशा डोंगरावर गेली. डोंगराचे नाव मुद्दाम देत नाही. दिले तर सगळे त्याच डोंगरावर गर्दी करतील. प्रत्येकाने आपल्या गावचा डोंगर शोधायचा आहे. मुले अकरा होती. सर्वांत लहान चार वर्षांची, सर्वांत मोठा सातवीतला.

निघताना एकच नियम केला. सर्वांत लहान मूल सर्वांत पुढे, आणि त्याच्या पुढे कुणीही जायचे नाही. हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळताना घाम फुटतो. चार वर्षांची बाय दहा पावले चालते आणि मुंग्यांची रांग बघत बसते. पुन्हा दहा पावले, मग एक रोयण. हिच्यात कोण राहतो? दार कुठे आहे? मोठ्या माणसांना अर्ध्या तासाची असलेली चढण आम्ही दीड तासात चढलो. सुरुवातीला बाबा लोकांची चुळबुळ दिसत होती. एकाने तिला खांद्यावर उचलून घ्यायला हात पुढे केले. बरोबरच्या आजी म्हणाल्या, "राहू दे रे. तिचे पाय तिलाच वापरूदेत."

सद्गुरूंच्या सांगण्याचे मर्म आम्हाला तिथे थोडे उमगले. गुरू शिष्याला उचलून शिखरावर ठेवत नाहीत. ठेवू शकत नाहीत असे नाही, पण तसे केले तर शिष्याचे पाय कधी तयार होणार? आणि ते पुढे निघूनही जात नाहीत. ते आपल्या चालीने चालतात. आपण रस्त्यात मुंग्या बघत बसतो, राग-लोभ-मानपान यांच्या रोयणी उकरत बसतो, आणि ते शांतपणे थांबतात. आपल्यासाठी कुणीतरी किती जन्म थांबले आहे याची जाणीव हवी असेल, तर एकदा चार वर्षांच्या मुलामागून डोंगर चढून बघा. जपाच्या माळेने जो धीर येतो, तो तिथेही येतो.

वर सडा लागला. गवत कमरेएवढे, मध्ये मध्ये तेरड्याची शेवटची फुले. समोर दूरवर जुन्या खाणीच्या पायऱ्या दिसत होत्या, तांबड्या, एकाखाली एक. आमच्याबरोबर एक गुरुबंधू होते. त्यांनी बरीच वर्षे खनिजाचा ट्रक चालवला. खाणीवरून भरायचा, जेटीवर नेऊन ओतायचा, तिथून बार्जने माल मुरगाव बंदरात. घरी त्या ट्रकाचा हार घातलेला फोटो आहे. मुलीला त्यांनी कौतुकाने सांगितले होते की अख्खा डोंगर वाहून नेला तुझ्या पप्पाने. ती दुसरीत आहे. तिने त्या पायऱ्या बघितल्या आणि विचारले, "पप्पा, तुवें व्हेल्लो तो दोंगर आतां खंय आसा?"

कुणी काही बोलले नाही. तेही थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बोटींत बसून गेलो, बाय."

"परतून केन्ना येतलो?"

त्यांनी उत्तर टाळले नाही. तिला मांडीवर घेऊन सांगितले की तो परत येणार नाही. त्याच्यावर आपले घर झाले, तुझ्या आजीचे ऑपरेशन झाले. तेव्हा दुसरे काम नव्हते. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "ट्रकाला दर दसऱ्याला हार घातला. डोंगराला एकदाही नाही." त्यांच्या आवाजात रडू नव्हते, तक्रारही नव्हती. खरे बोलताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा तो होता. मुलीने पिशवीतला लाडू काढला आणि सड्यावर दगडाशी ठेवला. कुणी शिकवले नव्हते. मुंग्या लगेच आल्या.

गोकुळात एका मुलाने बापाला विचारले आणि बापाने उत्तर दिले, तिथून डोंगराची पूजा सुरू झाली. इथेही तेच झाले, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. घरात बसून हा प्रश्न त्या मुलीला सुचला नसता. आणि रोजच्या घाईत सुचला असता, तरी बापाला उत्तर द्यायला वेळ नसता. डोंगरावर दोन्ही गोष्टी जमून आल्या. मुले विचारतील. काही प्रश्नांची उत्तरे आपल्याला अवघड जातील. तरी खरे सांगावे. मुलाशी खरे बोलणे हीसुद्धा पूजाच आहे.

*गऱ्यांची वाटणी*

संत सोहिरोबानाथ आंबिये आपल्या शेजारच्या बांद्याचे. जन्म १७१४ चा. पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या गुरुभेटीची कथा परंपरेने सांगतात ती अशी. सावंतवाडीला जाताना इन्सुलीजवळच्या रानवाटेवर ते थांबले आणि बरोबरचा फणस फोडून खायला बसले. तेवढ्यात एक जोगी समोर उभे राहिले आणि त्यांनी खायला मागितले. सोहिरोबांनी गरे दिले. ते जोगी म्हणजे गहिनीनाथ, आणि तिथेच अनुग्रह झाला.

कामासाठी घाईने निघालेला माणूस वाटेत थांबला, बसला, आपल्यातले दुसऱ्याला दिले, आणि तिथे गुरू भेटले. सरळ घोड्यावर बसून गेला असता तर? म्हणून डोंगरावर गेलात की शिखर गाठण्याची घाई करू नका. बसा. डबा सोडा. आधी दुसऱ्याला द्या, मग स्वतः खा. मुलांनाही तसेच करायला लावा.

*जायचे कसे*

वर्गातल्या मातांनी विचारले म्हणून काही गोष्टी लिहितो.

पाडव्याच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या कुठल्याही रविवारी जावे. दिवाळीच्या सुमारास दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो आणि उघड्या सड्यावर विजेचे भय असते. म्हणून सकाळी साडेसहाला चढायला लागावे आणि दहापर्यंत खाली यावे. कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडली की आणखी बरे.

मुलांना खाऊ घालूनच न्यावे. कृष्णानेही आधी जेवा, मग प्रदक्षिणा करा असेच सांगितले. बरोबर भाकरी-चटणी, चणे, केळी, लाडू आणि भरपूर पाणी. पुड्यांचा खाऊ नको, म्हणजे कचराही होत नाही.

पायांत बंद बूट, पूर्ण लांबीचे कपडे. सड्यावर फुरसे असते, ते दगडाच्या रंगात दिसत नाही. मुलांना भिववू नये, पण दगडाखाली आणि बिळात हात घालायचा नाही, गवतातून चालताना काठी आपटत चालायचे, हे दोनदा सांगावे. डोंगर त्याचेही घर आहे.

खाणीच्या जागेत जाऊ नये, मग ती चालू असो वा बंद. जुन्या खड्ड्यांत खोल पाणी साठलेले असते, कडा ढासळतात. तिथे मुलांना अजिबात नेऊ नये. गावातल्या वाट माहीत असलेल्या एका जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे. त्या निमित्ताने वाटेतल्या देवराईची, झरीची, राखणदाराच्या जागेची माहितीही मुलांच्या कानावर पडते.

फुले तोडू नयेत. माटोळीचे दिवस वेगळे, त्यासाठी आणायलाही रीत असते.

मूल दमले तर बसावे. खूपच दमले तर अर्ध्यावरून परतावे. वर पोहोचलो नाही म्हणून पुण्य कमी होत नाही. पाठ-गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी पायथ्याशी झाडाखाली बसून नामस्मरण करावे आणि उतरणाऱ्यांना पाणी द्यावे. तीही सेवाच. गोवर्धनाखाली सगळे गोकुळ मावले होते, म्हातारी माणसे, वासरे, गाडे, सगळे. कुणालाही बाहेर ठेवले नव्हते.

मोबाइल एकाच माणसाकडे असावा, अडीअडचणीसाठी. फोटो कमी निघाले तरी चालेल.

*पाडव्याचा संकल्प*

लोककथेत सांगतात की कृष्णाने डोंगर उचलला तेव्हा गोपाळांनीही आपल्या काठ्या खालून लावल्या. त्या काठ्यांनी डोंगर तरला नव्हता, हे कृष्णाला ठाऊक होते. पण त्याने काठ्या बाजूला करा म्हटले नाही. आपली सेवा अशीच असते. आपण एका रविवारी मुलाला डोंगरावर नेल्याने कापलेला डोंगर परत उभा राहणार नाही, आटलेली विहीर लगेच भरणार नाही. पण मूल ज्याला ओळखते, त्याला जपते. उद्या हीच मुले सरपंच होतील, इंजिनिअर होतील, जमिनीच्या कागदावर सह्या करतील. सही करताना त्यांच्या पायांना तो सडा आठवला पाहिजे. ती आठवण आज घालायची आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

तर गुरुबंधू-भगिनींनो, या पाडव्याला प्रत्येक घराने एवढे करावे. अंगणात शेणाचा गोवर्धन करा. गुरे नसतील तर शेजारून मूठभर शेण मागून आणा, मागायला लाज कसली? त्याला फूल वाहताना मुलांना विचारा की आपल्या गावचा गोवर्धन कुठला? त्यांना बोट दाखवता आले तर उत्तम. दाखवता आले नाही तर रविवार ठरवा, डबा भरा, आणि घरातल्या सर्वांत लहान पावलामागून चालू लागा.

सर्वांना दिवाळीच्या आणि गोरवांच्या पाडव्याच्या शुभेच्छा. सद्गुरूंची कृपा आपल्या मुलाबाळांवर, गुरावासरांवर आणि डोंगरावर अखंड राहो.

॥ शुभं भवतु ॥

सेवेत,
बालसंस्कार वर्गाच्या भगिनी, डिचोली आणि पेडणे